नाल्याकाठच्या साड्या

मुलांनो,

मागच्या हिवाळ्यात तुमची आई आली होती, तेव्हा तिने एकदा माझं कपाट उघडलं आणि बराच वेळ तशीच उभी राहिली.

"आई, तुझ्या सुती साड्या कुठे गेल्या?"

"विरल्या."

"सगळ्या?"

मी कपाट लावून घेतलं. तिला वाटलं, मी त्या कोणाला तरी देऊन टाकल्या आणि दिल्याचं विसरून गेले. जाण्याआधी ती माझ्या डॉक्टरांशी माझ्या स्मरणशक्तीबद्दल बोलून गेली, हे मला डॉक्टरांनीच सांगितलं. निघताना दारात म्हणाली, "ती जांभळी इरकल तेवढी ठेव हं. ती मला हवी आहे."

म्हणून हे लिहिते आहे. तुम्हाला मराठी वाचायला वेळ लागतो हे मला ठाऊक आहे. आईकडून वाचून घ्या. तिलाही कळायला हवं. मी काहीही विसरलेली नाही. बडनेऱ्याच्या पुढे, अकोल्याच्या रस्त्याला, ज्या विद्यापीठात मी सव्वीस वर्षं इंग्रजी शिकवलं, त्याच्या आवारात एक नाला आहे. माझ्या साड्या त्या नाल्यावर आहेत. त्या तिथे कशा गेल्या हे सांगायचं तर आधी सरांबद्दल सांगावं लागेल.

सर वनस्पतिशास्त्र शिकवत. त्यांचं नाव लिहीत नाही, कारण स्वतःचं नाव कुठे छापून आलं की ते तो कागद बिया गुंडाळायला घेत. मुलं त्यांना चिंधीवाले सर म्हणत. उंच, वाळलेले, गळ्यात दोरीला बांधलेले दोन चष्मे, एक जवळचा आणि एक लांबचा, आणि डोळ्यांवर नेहमी नको असलेला. उन्हाळ्यात डोक्याला ओला दुपट्टा आणि शर्टाच्या खिशात एक लहानसा कांदा. ऊन लागू नये म्हणून आपल्याकडे अजूनही लोक कांदा जवळ ठेवतात. पण सर तो दुपारी भाकरीबरोबर फोडून खाऊन टाकत. मी एकदा म्हणाले, "सर, आता घरी जाताना काय करणार?"

"येताना खिशात, जाताना पोटात. ऊन दोन्हीकडून भेते, मॅडम."

मी नागपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. कागदाच्या कोपऱ्यात टाचणी कशी लावायची, याचेही माझे नियम होते. सर वर्गात सरळ वऱ्हाडीत शिकवत. लॅटिन नावं मात्र अशी शुद्ध उच्चारत की मलाही ऐकत राहावंसं वाटे. पुण्याहून आलेल्या एका परीक्षकांनी विचारलं, तुम्ही प्रमाण भाषेत का शिकवत नाही? सर म्हणाले, "झाडं इथलीच हायेत न साहेब. त्यांच्यासमोर त्यांच्याबद्दल बोलाचं तं त्यांले समजलं पाह्यजे." परीक्षक हसले नाहीत. सरही हसले नाहीत. ते खरंच विनोद करत नव्हते.

मला सगळं क्रमाने सांगायची सवय आहे, पण सरांच्या बाबतीत ते जमत नाही. आठवतं ते असं, एकेक करून.

विद्यापीठ बांधलं तेव्हा नाल्याचं वळण यंत्राने सरळ करून टाकलं होतं. पावसात पाणी रेल्वेसारखं निघून जाई आणि दसऱ्यापर्यंत तळाला भेगा पडत. काठावर सुबाभूळ, गाजरगवत, कँटीनचा कचरा. सरांनी एका ओळीचा अर्ज दिला: "नाल्याच्या दोन्ही बाजूंची पट्टी मला द्यावी, मला काहीही लागणार नाही." ओळ पाठ आहे, कारण तो अर्ज मीच फाइलला लावला. मी परिसर समितीची सचिव होते. झाडांतलं मला काही कळत होतं म्हणून नव्हे, माझ्या फाइली सापडत म्हणून.

एका रविवारी सकाळी ते लूना घेऊन आमच्या दारात आले. चहा बशीत ओतून प्यायले आणि म्हणाले, "मॅडम, जुनी साडी हाय का एखादी? सुती पाह्यजे. नायलॉन नको."

तुमच्या आजोबांनी पेपरामागून खोकून घेतलं.

"कशाला हवी, सर?"

"बांधाले."

मग त्यांनी सांगितलं. आपल्याला वाटतं, नाल्यावर झाडं उरलीच नाहीत, लावायला पाहिजेत. तसं नसतं. पळस, मोईन, धावडा, हिवर, सगळे तिथेच आहेत, जमिनीखाली. वरून वर्षानुवर्षं तोडले गेले, गुरांनी खाल्ले, तरी मूळ जिवंत आहे. दर पावसाळ्यात ते वर धुमारे सोडतं आणि दर दिवाळीनंतर वाळलं गवत कापणारे विळ्याखाली ते धुमारेही कापून नेतात. "वर बोटभर, खाली हत्ती," सर म्हणाले. "नवं झाड लावणं म्हणजे घरी मानूस हाय आन् आपन दुसराच आणून बसवला." त्यांची पद्धत साधी होती. एका मुळातून पाच-सहा धुमारे आले की त्यातला सरळ एक निवडायचा, बाकीचे काढायचे आणि राहिलेल्याला साडीची चिंधी बांधायची. गवत कापणाऱ्या बायकांनी चिंधी पाहिली की तिथे विळा थांबवायचा. खोड मनगटाएवढं झालं की चिंधी काढून टाकायची. मग ते झाड कोणाच्या विळ्याला ऐकत नाही. मी त्या दिवशी दोन जुन्या साड्या दिल्या, पुढेही देत गेले.

या बायका नाल्यापलीकडच्या वस्तीतल्या. म्हशींसाठी गवत न्यायच्या. त्यांची पुढारी सुमनबाई. सरांनी तिच्याशी करार केला तो लिहून नव्हे, बांधावर बसून, तिचा ठेचा आणि स्वतःचा कांदा वाटून खाऊन. सुमनबाईने भरल्या तोंडाने विचारलं होतं, "आन् चुकून कापलं तं?"

"तं पुढच्या वर्षी पुन्हा बांधू."

"मंग एवढा खटाटोप कावून?"

"तुले म्हैस कावून पाह्यजे? दूध तं दुकानात बी मिळते."

सुमनबाई हसून लवंडली होती. पण तेव्हापासून तिचा विळा चिंधीपाशी थांबला तो थांबलाच.

चिंधीची एक मेख होती. सुती गाठ पावसात भिजली की आवळते, आणि त्याच दिवसांत खोड जाड होतं. म्हणून पावसाळा संपला की दरवर्षी एकेक गाठ सैल करावी लागे, आणि विरलेली चिंधी बदलावी लागे. सर अशी गाठ मारत की एक टोक ओढलं की सुटावी. वर्गातल्या मुलांना, शिपायांना, मला, सगळ्यांना त्यांनी ती शिकवली होती. आश्विन-कार्तिकात ते भेटले की नमस्कार नाही, कसे आहात नाही. एकच प्रश्न: "गाठी सैल केल्या का?"

दरवर्षी जुलैत विद्यापीठात वृक्षारोपण होई. एका वर्षी मोठे पाहुणे आले. खड्डा तयार, गुलमोहराचं रोप तयार, फोटोग्राफर तयार. सरांनी पाहुण्यांचा हात धरला आणि त्यांना वीस पावलं पुढे, नाल्याकडे नेलं. गवतात पळसाची तीन पानं वर आली होती. "याले पानी टाका, साहेब."

"हे कोणी लावलं?"

"तुमच्या जन्माच्या आधी लागलेलं हाय."

पाहुण्यांनी झारीने पाणी घातलं. पेपरात फोटो आला. त्यात एवढे मोठे गृहस्थ रिकाम्या गवतावर वाकून पाणी घालताना दिसत होते. कुलसचिवांनी मला बोलावून खुलासा विचारला. मी अर्ध्या पानाचा खुलासा लिहिला. सरांना दाखवला तर म्हणाले, "चांगलं लेहता तुमी. पन पळसाचं नाव नाही घातलं याच्यात."

नाल्याच्या तळात ते दगड टाकत. जाता-येता एक दगड, लूनाच्या पुढच्या जागेत ठेवून आणलेला. काटेरी फांद्या आडव्या टाकत. पाण्याला वळण मिळावं, कुठे तरी थांबावं, म्हणून. आमच्या अभियंत्यांना ते दिसलं. त्यांना काँक्रीटचे काठ करायचे होते. ते म्हणाले, "सर, पाणी अडतंय."

"अडू द्या न. त्याले एवढी घाई कावून हाय? अकोल्याची गाडी पकडाची हाय का त्याले?"

कधी ते अख्खा वर्ग नाल्यात बसवत, एक तासभर, न बोलता. तास संपला की एकेकाला विचारत, काय ऐकलं. एका मुलीने घाबरत सांगितलं, "काहीच नाही, सर." बाकीची मुलं टिटवी, चंडोल, वारा असं काहीबाही सांगत होती. सर म्हणाले, "हे खरं बोलली. इथं ऐकाले अजून काही नाहीच. दहा वर्षांनी ये." ती मुलगी आता मोर्शीच्या एका शाळेत शिकवते. दहा वर्षांनी खरंच आली होती, असं ऐकलं. तेव्हा सर इथे नव्हते.

आता ती गोष्ट. मी ती आजवर कोणाला सांगितलेली नाही. तुमच्या आजोबांनाही नाही.

सरांच्या कामाला सहा वर्षं झाली होती. नाल्याच्या दोन्ही काठांवर मिळून दीडशेच्या आसपास चिंध्या होत्या. धुमारे कमरेपर्यंत, काही खांद्यापर्यंत आले होते. अजून एकही मनगटाएवढा झाला नव्हता, पण सर म्हणत, आणखी दोन पावसाळे. त्यांना निवृत्त व्हायला तीन वर्षं होती, त्यामुळे हिशेब बसत होता. निवृत्त होण्याआधी सगळ्या चिंध्या काढून टाकायच्या, एवढंच त्यांना हवं होतं. त्याखेरीज त्यांनी कधी काही मागितल्याचं मला माहीत नाही.

त्या हिवाळ्यात विद्यापीठाच्या तपासणीसाठी बाहेरची समिती येणार होती. तिच्यावर आमची श्रेणी, अनुदान, सगळं अवलंबून. महिनाभर आवारात दुसरा विषय नव्हता. समिती नाल्यावरच्या पुलावरून ग्रंथालयाकडे जाणार होती. कुलसचिव मला एवढंच म्हणाले, "मॅडम, पुलावरून जरा नीट दिसेल असं बघा."

चिंध्या काढा असं ते म्हणाले नाहीत. मला कोणीच तसं सांगितलं नाही. मी पुलावर उभी राहिले आणि मला माझ्याच जुन्या साड्या वाळक्या गवतातून लोंबताना दिसल्या, कुठे निळी, कुठे फिकट गुलाबी, कुठे काठाचा तुकडा. गबाळं दिसत होतं. मला गबाळं बघवत नाही, हे तुम्हाला माहीत आहे.

सर पुतणीच्या लग्नाला बाळापूरला गेले होते. त्यांना फोन करता आला असता. केला नाही, कारण ते नको म्हणाले असते. चारच दिवसांचा प्रश्न होता. समिती गेली की मी स्वतः सगळ्या पुन्हा बांधणार होते.

रविवारी दुपारी आवार रिकामं असताना मी एकटी गेले. प्रत्येक धुमाऱ्याची जागा कागदावर उतरवून घेतली, छान नकाशाच केला. मग एकेक गाठ सोडली. गाठी इतक्या सहज सुटत होत्या की बोटांना काही करावंच लागत नव्हतं. संध्याकाळपर्यंत काम झालं. चिंध्या घरी आणल्या, घड्या घातल्या, रंगाप्रमाणे लावल्या आणि बुटांच्या खोक्यात ठेवल्या. त्या रात्री मला शांत झोप लागली, हेही सांगून टाकते.

सोमवारी सकाळी बांधकाम विभागाने गवत कापायला ठेकेदाराची माणसं आणली. खांद्याला लटकवायची यंत्रं, घरघरणारी. याची मला कल्पना नव्हती. त्यांना माझी नव्हती. आवाज ऐकून सुमनबाई वस्तीतून धावत आली.

"अरे बाप्पा, थांबा! खाली झाडं हायेत!"

"कुठं हायेत?"

"चिंधी बांधली हाय पाहा त्याले. चिंधी दिसली का कापाचं नाही."

"दाखव न मंग चिंधी, मावशे."

सुमनबाई गवतात शिरली. या टोकाहून त्या टोकापर्यंत गेली. एकही चिंधी नव्हती. तिला वाटलं, आपल्याला भूल पडली. हे सगळं तिनेच मला नंतर सांगितलं. मी तेव्हा ग्रंथालयात फाइलींना चिठ्ठ्या चिकटवत होते. दुपारी जेवायला बाहेर आले तेव्हा पुलाच्या दोन्ही बाजू हजामत केल्यासारख्या झाल्या होत्या.

समिती दुसऱ्या दिवशी आली. पुलावर थांबली. त्यांच्यातले एक जण म्हणाले, "वा, स्वच्छता चांगली आहे."

सर बुधवारी परतले. मी माझ्या खिडकीतून पाहत होते. लूना पुलावरच उभी केली, खाली उतरले, थोडं चालले आणि बसले. चष्मा बदलून पाहिलं. दुसरा लावूनही तेच दिसलं असणार. नंतर बराच वेळ त्यांची नुसती पाठ दिसत होती.

पुढच्या आठवड्यात परिसर समितीची बैठक होती. विषय निघाला. ठेकेदाराच्या माणसांनी सांगितलं होतं की चिंध्या नव्हत्याच. मग गेल्या कुठे? समितीतले एक प्राध्यापक म्हणाले, "कुठे जाणार? त्या गवतवाल्या बायकांनी नेल्या असतील पोतेऱ्याला. उद्यापासून त्यांना आवारात येणं बंद करा."

माझ्या हातात पेन होतं. मी तेव्हा बोलायला हवं होतं. वाक्य तयार होतं, मराठीतही आणि इंग्रजीतही. तोंडातून एकही निघालं नाही.

"सुमनबाईचं नाव घेऊ नका," सर म्हणाले. आवाज चढवला नाही.

"अहो, मग गेल्या कुठे त्या?"

सर खिडकीबाहेर पाहत होते. "वाऱ्यानं गेल्या. लेहा मॅडम."

"दीडशे गाठी वाऱ्याने सुटल्या?"

"आमच्या गाठी सैल असतेत. लेहा."

मी लिहिलं: चिंध्या वाऱ्याने गेल्या. इतक्या वर्षांच्या माझ्या इतिवृत्तांत तेवढं एक वाक्य खोटं आहे, आणि त्याखाली माझी सही आहे. सुमनबाईचं गवत वाचलं. मला वाटलं, किती भोळा माणूस आहे हा. बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली.

निदान चिंध्या तरी त्यांना परत मिळाव्यात म्हणून दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी मी ते खोकं नाल्याकाठच्या करंजाखाली ठेवून आले. दुपारी सर व्हरांड्यात भेटले. खोकं लूनावर बांधलेलं होतं. "चिंध्या सापडल्या," एवढंच म्हणाले आणि गेले.

मुळं मेली नव्हती. पावसाळ्यात पुन्हा धुमारे आले, एकेका ठिकाणी सहा-सात, केसांसारखे. पुन्हा निवडायचे, पुन्हा बांधायचे. सहा वर्षं मागे. मी त्या वर्षीपासून जायला लागले. सरांना म्हणाले, मला रविवारी वेळ असतो. त्यांनी कारण विचारलं नाही. आम्ही दोघं आणि सुमनबाई असे तिघं वाकून गाठी बांधत असू. एकदा पाठ सरळ करत ते म्हणाले, "मुळाले कापून घ्याची सवय हाय, मॅडम. पन्नास वर्षं लोकं कापूनच राहिले त्याले. पन मले नाही राह्यली आता."

तीन वर्षं लवकर गेली. निरोपाच्या समारंभाला सर आले नाहीत, नाल्यावर होते. तोवर धुमारे पुन्हा जेमतेम कमरेपर्यंत आले होते. अंगठ्याहून जाड एकही नव्हता. मुलाकडे अकोल्याला राहायला जाताना लूना वस्तीत देऊन गेले आणि उरलेल्या चिंध्यांचं गाठोडं माझ्याकडे.

त्यानंतर दर शरदात अकोल्याहून फोन. "गाठी सैल केल्या का?" हो म्हटलं की फोन बंद. पुढे मीही निवृत्त झाले. चिंध्या संपल्या तेव्हा मी कपाटातली पहिली नेसती साडी काढली. वर्षाला तीन, कधी चार. आजोबा होते तोवर विचारत, "आज कुठली?" ते गेल्यावर कोणी विचारत नव्हतं. अगदी तुमची आई विचारेपर्यंत.

ते काम मला कधी आवडलं, असं मी म्हणणार नाही. गवताची कुसळं साडीत घुसतात, ऊन पाठीवर येतं, रिक्षावाला बडनेऱ्याच्या पुढे यायला कुरकुरतो. डाव्या काठची पट्टी मध्यंतरी वाहनतळात गेली. त्यासाठी मी तीन पत्रं लिहिली, तिन्हींना उत्तम भाषेत उत्तरं आली. उजवी तेवढी आहे, तीही निम्मीच. मी जात राहिले, कारण गेले नाही तर बैठकीत न बोललेलं ते वाक्य पुन्हा तोंडाशी येई.

दोन वर्षांपूर्वी सरांचा फोन आला नाही, म्हणून मी अकोल्याला गेले. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. सर खाटेवर, पायांवर चादर. दोन्ही चष्मे उशाशी. सूनबाईने चहा आणला आणि ती आत गेली.

मला ते त्या दिवशी सांगून टाकायचंच होतं. गाडीत सगळं जुळवून ठेवलं होतं. "सर, मला तुम्हाला एक सांगायचंय. ती तपासणी समिती आली होती तेव्हा..."

त्यांनी हात हलवला. "वारं कधी रंगारंगानं घड्या घालते का, मॅडम?"

मी कप खाली ठेवला.

"निळ्या वेगळ्या, गुलाबी वेगळ्या. खोक्यात खाली कागद बी अंथरला होता. अख्ख्या विद्यापीठात असं काम करनारं एकच मानूस होतं." त्यांना हसताना खोकला आला. पाणी दिलं, तर त्यांनी ते बशीत ओतून घेतलं.

"सर, तुम्हाला माहीत होतं. मग तेव्हाच का नाही बोललात?"

"बोललो असतो तं तुमी माफी मागितली असती. चांगल्या भाषेत. एक कागद लेहला असता, तो फाइलीले लावला असता, आन् घरी बसल्या असत्या." मग म्हणाले, "मले माफी नव्हती पाह्यजे. मानूस पाह्यजे होतं. मी किती दिवस पुरनार होतो?"

"म्हणजे इतकी वर्षं..."

"हाव. सुमनी म्हने, सर, मॅडमले सांगून टाका, बाई कुढून राहिली. मी म्हनलं, कुढू दे. कुढते तवर येते."

सुमनबाईलाही माहीत होतं. दर वर्षी माझ्या शेजारी वाकून गाठी बांधत होती आणि तिलाही माहीत होतं.

मी उठले. निरोपाचं काही बोलले की नाही, आठवत नाही. जिन्यात मागून आवाज आला, "गाठी सैल केल्या का?" मी उतरत राहिले. गाडीत बडनेऱ्यापर्यंत मला नुसता राग येत होता. त्यांचाही आणि माझाही. मग राग धरून ठेवायचाही कंटाळा आला. पाऊस नुकताच संपला होता. त्याच आठवड्यात गाठी सैल करायच्या होत्या. केल्या.

सर मागच्या वर्षी गेले. त्यांच्या मुलाने फोन केला, मी सुमनबाईला सांगायला वस्तीत गेले. ती म्हणाली, "आता तं मोकळ्या झाल्या न तुमी, मॅडम. आता कावून येता?" मी म्हणाले, तू सांग, तू कशाला येतेस? आम्ही दोघी पुलावर थोडा वेळ बसलो. उजव्या काठी सतरा झाडांच्या चिंध्या आतापर्यंत आम्ही कायमच्या काढल्या आहेत. मनगटाएवढी झालेली ती सतरा. पळस आहेत, मोईनी आहेत, एक धावडा आहे. सरांच्या दगडांपाशी होळीपर्यंत पाणी थांबतं आणि एक खंड्या तिथे येऊन बसतो. बाकीच्या बावीस झाडांना अजून चिंध्या लागतात. माझ्या गुडघ्यांनी आणि सुमनबाईच्या कमरेने ती सगळी मनगटाएवढी होईपर्यंत आम्ही पुरणार नाही, हे आम्हा दोघींना दिसतं.

तर आईला सांगा, मला काही झालेलं नाही. आणि तिला हेही सांगा की आज सकाळी मी ती जांभळी इरकल बाहेर काढली. काठ कापून, धुऊन, तिच्यासाठी वेगळा ठेवला आहे. बाकीची फाडून झाली. बावीस पट्ट्या निघाल्या, घड्या घालून पिशवीत भरल्या आहेत. उद्या रविवार. सुमनबाई पुलावर आठ वाजता थांबते आणि उशीर झाला तर सगळ्या वस्तीला ऐकू जाईल असं बोलते.

कपाटात आता फक्त नायलॉनच्या उरल्या आहेत. त्या चालत नाहीत. पुढच्या हिवाळ्यात याल तेव्हा आईला म्हणावं, येताना एखादी सुती साडी घेऊन ये. जुनी असली तरी चालेल.

तुमची,
आजी